दिव्यांग प्रेक्षकांसह कार्यक्रम करायचाय? सोलापुरात पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गणेश मंडळ असो, हौशी नाट्यसंस्था असो, कॉलेजातली एनएसएसची पोरं असोत नाहीतर सोसायटीतला भिशी ग्रुप. दिव्यांग मंडळींना धरून काहीतरी करू या असं ठरलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर ३ डिसेंबरच येतो. जागतिक दिव्यांग दिन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांची लांबलेली भाषणं, शेवटी अल्पोपहार. त्याला मी नावं ठेवत नाही, पण हा लेख त्याबद्दल नाही. दिव्यांग माणसानं तिकीट काढून नाटकाला यावं, आवडलं तर शिट्टी मारावी, कंटाळा आला तर मध्यंतरात सरळ घर गाठावं, असा साधा करमणुकीचा कार्यक्रम कसा उभा करायचा ते क्रमानं सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. असे कार्यक्रम रंगमंचावर फारसे फसत नाहीत. ते फसतात स्वच्छतागृहाच्या दारात, आणि रात्री साडेनऊला रिक्षा शोधताना. तेव्हा वेळ आणि पैसा आधी तिथं घाला. फुलांच्या कमानीचं नंतर बघू.

१. कोण येणार ते विचारा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. अंधत्व, कर्णबधिरता, अस्थिव्यंग हे सगळ्यांना माहीत असतात. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, स्नायूंचा क्षय, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्यातून वाचलेले लोक, हेही त्याच यादीत आहेत. प्रत्येकाची गरज वेगळी, आणि कधीकधी एकमेकींच्या उलट. स्वमग्न मुलाला मंद उजेड बरा वाटतो, तर कर्णबधिर माणसाला ओठ आणि हात दिसायला लख्ख उजेड लागतो. म्हणून पहिल्याच वर्षी सगळ्यांसाठी सगळं करायला जाऊ नका. दोन गट धरा आणि ते नीट करा.

त्या दोन गटांतली किमान दोन-तीन माणसं पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. सल्लागार म्हणून पत्रिकेत नाव छापण्यापुरती नकोत. तारीख, जागा, विषय ठरवताना ती समोर बसलेली हवीत. नावनोंदणीच्या फॉर्मवर आजार किंवा दिव्यांगत्वाची टक्केवारी विचारू नका. ‘कार्यक्रमाला येण्यासाठी तुम्हाला काय लागेल?’ एवढा एकच प्रश्न पुरतो. लोक मग नेमकं लिहितात: ‘मदतनीस सोबत असेल’, ‘कडेची खुर्ची पाहिजे’, ‘दर दोन तासांनी औषध असतं’. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, दारात मागणं तर साफ टाळा. ते सरकारी सवलतीसाठी असतं, नाटक बघायला नव्हे.

सोलापुरात आणखी एका मोठ्या गटाचा विचार करावा लागतो, जो स्वतःला दिव्यांग म्हणवूनच घेत नाही. पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात तीस-चाळीस वर्षं काढलेली माणसं. कारखान्यात रोजचा आवाज सहज ९० डेसिबलच्या वर, कानाला काही लावलेलं नाही. मग साठीत ऐकू कमी येणारच. हे काका कर्णबधिरांच्या रांगेत बसायचे नाहीत. ‘मला येतं की ऐकायला’ म्हणतील आणि अर्धं नाटक बायकोला विचारत बसतील. त्यांच्यासाठी वेगळी रांग करू नका. संवाद पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलेत की त्यांची सोय आपोआप होते आणि त्यांना कुठं कमीपणाही वाटत नाही.

२. तारीख आणि वेळ

मार्च अर्ध्यावर आला की दुपारचा कार्यक्रम विसरा. आपल्याकडचं ऊन सगळ्यांनाच तापदायक, पण मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या अंगाला घामच येत नाही. शरीर थंड होण्याचा मार्गच बंद. मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात त्याला दोन तास बसवणं हा थेट धोका आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा चांगला काळ.

त्यातही संक्रांतीचा आठवडा सोडा. सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वजांची मिरवणूक ६८ लिंगांच्या दर्शनाला निघते, अक्षता सोहळा असतो, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा, भरलेला असतो. शहराच्या मध्यभागी रिक्षा वळवायला जागा राहत नाही. गड्ड्यालाच गट घेऊन जायचं असेल तर मुख्य दिवस उलटून गेल्यावर, आडवारी, ऊन उतरलं की लगेच जा. पाळण्यांचे दिवे लागलेले असतात, गर्दी अजून यायची असते, आणि धूळही त्या मानानं कमी. शोभेच्या दारूकामाच्या रात्री मात्र स्वमग्न मुलांना नेऊ नका. पालकांनीच आग्रह धरला तर कान झाकणारे हेडफोन सोबत ठेवा आणि लांबून बघता येईल अशी जागा हेरून ठेवा.

३. जागा: टेप घेऊन जा

हुतात्मा स्मृती मंदिर, फडकुले सभागृह, एखादं मंगल कार्यालय किंवा शाळेचा हॉल, कुठंही करा. पण ‘आमच्याकडे रॅम्प आहे’ या फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. आपल्याकडचे निम्मे रॅम्प स्कूटर चढवायला बांधलेले असतात. मोजायची टेप आणि शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणारा मित्र, दोन्ही घेऊन प्रत्यक्ष जा.

प्रमाण सोपं आहे: एक इंच चढाला बारा इंच लांबी. रस्त्यापासून दारापर्यंत एकच आठ इंचांची पायरी असेल तर आठ फूट उतार लागतो. योगायोगानं प्लायवूडची पूर्ण शीट आठ बाय चार फुटांचीच असते. १९ मिलिमीटरची एक शीट घ्या, सुताराकडून खाली आडव्या पट्ट्या मारून घ्या म्हणजे मध्ये झोल पडणार नाही. दोन्ही कडांना दोन इंच उंच पट्टी लावा, चाक बाहेर जात नाही. वरून रंगाचा हात देऊन तो ओला असतानाच बारीक वाळू भुरभुरा, पाय आणि चाक घसरायचं थांबतं. ही शीट मंडळाच्या खोलीत ठेवली की पुढं वर्षानुवर्षं कामाला येते.

पण तीन फुटी रंगमंच असेल तर हाच हिशोब ३६ फुटांवर जातो. तेवढा उतार कुठून आणणार? अशा वेळी व्हीलचेअर चौघांनी उचलून वर नेण्याचा प्रकार करू नका. त्यात माणूस पडू शकतो आणि त्याला ते अपमानास्पदही वाटतं. रंगमंचच खाली आणा. प्रयोग हॉलच्या फरशीवर करा, प्रेक्षक तिन्ही बाजूंनी बसवा. दिव्यांग कलाकार असतील तर हे हवंच. ‘प्रेक्षकांसाठी सोय केली’ म्हणणाऱ्या कित्येकांच्या मनातही येत नाही की व्हीलचेअरवरचा माणूस निवेदन करायला येऊ शकतो.

दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण तीन फूट हवी. आत खुर्ची गोल फिरवायला पाच फुटांची जागा लागते. आता स्वच्छतागृह. दार बाहेर उघडतं का, आत कमोड आहे का, धरायला दांडी आहे का, आतली कडी बसल्या बसल्या हाताला येते का, ते बघा. आणि उघडून बघा! पाटी निळी असते, व्हीलचेअरचं चित्र असतं, आत सतरंज्या, झाडू आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या असतात. हे दृश्य मी एका चांगल्या सभागृहात पाहिलंय. सोय नसेलच तर वैद्यकीय साहित्य भाड्यानं देणाऱ्यांकडे कमोड खुर्ची मिळते. आडोसा, पाणी, हँडवॉश आणि एक स्त्री, एक पुरुष स्वयंसेवक एवढं जमवलं की दिवस निभतो.

आसनांबद्दल: व्हीलचेअरवाल्यांना एका ओळीत सगळ्यांत पुढं बसवलं की ते प्रेक्षक राहत नाहीत, प्रदर्शन होतात. मागं ढकललं तर काही दिसत नाही. मधल्या वाटेच्या कडेला दोन-दोन खुर्च्या काढून जागा करा. शेजारी त्यांच्या घरचं माणूस बसू शकलं पाहिजे.

सभागृहाच्या व्यवस्थापनाशी बोलताना कायदा माहीत असलेला बरा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम ४५ नुसार जुन्या सार्वजनिक इमारती नियम आल्यापासून पाच वर्षांत सुगम करायच्या होत्या. नियम १५ जून २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. कलम २९ तर थेट कला आणि करमणुकीबद्दल आहे: दिव्यांग कलाकारांना साहाय्य, कला सर्वांपर्यंत पोचवणं, नृत्य-कलावर्ग आणि शिबिरांत सहभाग, सगळं त्यात येतं. भांडायला जाऊ नका, अर्जात हे दोन आकडे लिहा. पुष्कळदा तेवढ्यानं कुलूपबंद स्वच्छतागृहाची किल्ली सापडते.

४. आमंत्रण

व्हॉट्सॲपवर फक्त रंगीत पोस्टर टाकलंत की दृष्टिहीन माणसाचा फोन ‘इमेज’ एवढंच वाचतो. पोस्टरखाली तोच मजकूर टाइप करा. सोबत तीस-चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज पाठवा, आणि तो मराठी, तेलुगू, कन्नड अशा तिन्ही भाषांत करा. सोलापुरात हे सांगायला नको. कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषेतला छोटा व्हिडिओ. कर्णबधिर शाळेतले शिक्षक किंवा माजी विद्यार्थी तो आनंदानं करून देतात.

आमंत्रणात खरं लिहा. ‘सर्व सोयींनी युक्त’ हे शब्द कुणाच्याच उपयोगाचे नाहीत. ‘दारात उतार आहे. पार्किंगपासून हॉल ६० पावलांवर. मध्यंतर पंधरा मिनिटांचं. बाल्कनीत लिफ्ट नाही.’ हे वाचून माणूस स्वतः ठरवू शकतो. स्वमग्न मुलांच्या पालकांना जागेचे फोटो आधी पाठवा: गेट, दार, खुर्च्या, पंखे, स्वच्छतागृह. मूल घरी बसून ते दोन-तीनदा बघतं, मग नवी जागा तेवढी नवी राहत नाही.

५. येणं-जाणं

येताना प्रत्येक जण आपापलं बघतो. खरा प्रश्न परतीचा. नाटक संपल्यावर बाहेर एकच झुंबड, आणि कुबड्या दिसल्या की काही रिक्षावाले वेग वाढवतात. चार-पाच ओळखीचे रिक्षावाले आधीच ठरवा, दर ठरवा, आणि कार्यक्रम संपायच्या वीस मिनिटं आधी त्यांना दारात उभं करा. घडीची व्हीलचेअर रिक्षात मागं कशी बसते ते त्यांच्यासमोर एकदा करून बघा. चाकं सुटणारी असतील तर काम सोपं. बॅटरीवरची जड खुर्ची मात्र रिक्षात जात नाही, तिला टेम्पो लागतो.

अक्कलकोट, बार्शी, मोहोळ, मंगळवेढ्याहून येणाऱ्यांना एसटीत भाड्याची ७५ टक्के सवलत असते, ओळखपत्र मात्र जवळ हवं. त्यांची शेवटची गाडी किती वाजता आहे ते आधी विचारा आणि कार्यक्रम त्याआधी संपवा. प्रमुख पाहुणे उशिरा आले तर भाषण कापा, प्रयोग नको.

६. प्रयोग चालू असताना

कर्णबधिर प्रेक्षकांसाठी दुभाषी रंगमंचाच्या एका कडेला, साध्या गडद कपड्यांत, आणि त्यांच्यावर स्वतंत्र दिवा. अंधाराचा प्रवेश आला तरी तो दिवा विझवायचा नाही. प्रकाशयोजनाकाराला हे आधीच पटवून ठेवा, नाहीतर ऐन वेळी वाद होतो. दोन दुभाषी लागतात, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून, कारण हे काम डोकं पिळून काढतं. त्यांना संहिता आठवडाभर आधी द्या. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, मराठी वाक्य शब्दाला शब्द हातांनी दाखवणं म्हणजे ती भाषा नव्हे. म्हणून कोटी किंवा म्हण आली की तिथं काय करायचं हे दुभाष्यानं कलाकारांबरोबर बसून ठरवावं लागतं.

दृष्टिहीन प्रेक्षकांना पहिल्या घंटेच्या अर्धा तास आधी बोलवा आणि रंगमंचावर फिरू द्या. माझ्या मते सगळ्या कार्यक्रमातला हा सर्वांत श्रीमंत अर्धा तास. नेपथ्यातलं दार लोटून बघायचं, खलनायकाचा कोट चाचपायचा, तलवार लाकडाची आहे हे कळल्यावर हसायचं. कलाकारांनी एकेक करून स्वतःच्या आवाजात पात्राचं नाव सांगायचं, म्हणजे पुढं आवाजावरून पात्र ओळखू येतं. प्रयोगात संवादांच्या मधल्या फटींत वर्णन देणारा एक जण मागच्या खोलीत माइकवर, आणि प्रेक्षकांच्या कानात एक इअरफोन. पर्यटकांच्या गटांसाठी वापरतात तो वायरलेस टूर गाइड सेट भाड्यानं घ्या. वर्णन करणाऱ्यानं ‘ती दुःखी झाली’ म्हणायचं नाही. ‘ती पत्र घडी करते, पुन्हा उघडते’ एवढंच. दुःख प्रेक्षकाचं प्रेक्षक बघून घेईल.

स्वयंसेवकांना शिकवायच्या दोनच गोष्टी. दृष्टिहीन माणसाचा हात धरून ओढायचं नाही. आपलं कोपर पुढं करायचं, ते धरतील आणि अर्धं पाऊल मागून चालतील. आणि व्हीलचेअर म्हणजे त्या माणसाचं अंग. न विचारता हात लावायचा नाही, तिच्या हँडलला पिशवी अडकवायची नाही. बाकी बोलायचं ते त्या माणसाशी, त्याच्या मदतनिसाशी नव्हे.

हॉलच्या बाहेर एक शांत खोली ठेवा. पंखा, चटई, मंद उजेड, पाणी. आत-बाहेर करणाऱ्या मुलाकडे बघून कुणी ‘शूऽऽ’ करणार असेल तर तिसऱ्या घंटेनंतरच्या निवेदनात सांगून टाका, की या प्रयोगात उठायला, बोलायला, बाहेर जायला मुभा आहे.

नाटकाचा घाट जमणार नसेल तर आधी सिनेमाला जा. माहिती आणि प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये सिनेमागृहांतल्या चित्रपटांसाठी कॅप्शन (पडद्यावर लिहून दाखवलेले संवाद) आणि ध्वनिवर्णन (दृश्याचं कानात ऐकू येणारं वर्णन) यांची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. काही चित्रपटांचं ध्वनिवर्णन मोबाइल ॲपवरून इअरफोनमध्ये ऐकता येतं. ॲप आणि त्या चित्रपटाची फाइल घरूनच डाउनलोड करून निघा.

७. हुरडा पार्टी

माझं मत विचाराल तर नवख्यांनी सुरुवात हुरड्यानं करावी. सोलापूरच्या मातीतली करमणूक, खर्च बेताचा, आणि डोळ्यांवाचूनही पुरेपूर भोगता येणारी. गोवऱ्यांचा धूर, आगटीतून, म्हणजे कणसं भाजायच्या खड्ड्यातून, काढलेल्या कणसाची ऊब, तळहातावर चोळताना दाणे सुटून पडतात तो गुदगुल्यांसारखा स्पर्श, मग फुंकर मारून तोंडात टाकलेला मऊ हिरवा घास आणि वर शेंगाची चटणी. दृष्टिहीन पाहुण्याला ताट घड्याळाच्या भाषेत सांगा: चटणी बारावर, गूळ तीनवर, दही सहावर. कणीस गरम असतं, हातात ठेवण्याआधी ‘देतोय’ म्हणा.

अडचण आहे ती जमिनीची. आपली काळी माती जरा ओली असली की चाक रुतलंच. रस्त्यालगतचं, वस्तीजवळचं शेत निवडा, पाणी दिलेल्या रानात जाऊ नका. गाडीपासून आगटीपर्यंत प्लायच्या शीट किंवा जाड रबरी मॅट अंथरा. सतरंजी नको, ती चाकात गोळा होते. आगटी जमिनीत असते आणि सगळे खाली बसतात. व्हीलचेअरवरचा माणूस मग वरून नुसता बघत राहतो. एक टेबल मांडा, कणसं तिथं येऊ द्या आणि दोन पायांवर चालणाऱ्यांनीही तिथं खुर्च्या घेऊन बसावं. मेंदूच्या पक्षाघातामुळं गिळायला त्रास होणारं कुणी असेल तर दाणा घशात अडकू शकतो. त्यांच्या घरच्यांना विचारूनच द्या.

आणि हुरडा सकाळी ठेवा. अंधारात शेकोटीभोवती गप्पा मारायची मजा ऐकणाऱ्यांची. हात दिसेनासे झाले की कर्णबधिर माणसाचं बोलणंच संपतं.

८. बघणारेच नव्हे, करणारेही

शिवजयंती-गणपतीला आपल्याकडे लेझीम गाजतं. त्याची कार्यशाळा कर्णबधिर मुलांबरोबर घ्या. हलगी-ढोल जवळ ठेवा, ठेका त्यांना छातीत आणि पायाखाली कळतो, बाकी समोरच्याचे हात बघून घेतात. व्हीलचेअरवरून हातांचे सगळे डाव होतात, फक्त ओळीत दोन माणसांचं अंतर वाढवा. दृष्टिहीनांसाठी बुद्धिबळाचा पट मिळतो. त्यात काळी घरं उंच असतात, सोंगटीच्या खाली खुंटी असते आणि काळ्या सोंगट्यांना वेगळी खूण. खेळ तोच, नियमही जवळजवळ तेच.

पोहण्याची चौकशी करायला आलेल्या पालकांना सुयश जाधवचं नाव सांगा. आपल्याच जिल्ह्यातला, दोन्ही हात कोपराखाली गमावलेला जलतरणपटू. रिओच्या पॅरालिम्पिकला तो उतरला, २०१८ च्या जाकार्तातल्या आशियाई पॅरा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण त्यानं आणलं, पुढं अर्जुन पुरस्कारही मिळाला. पण नाव सांगून थांबू नका. ज्या तलावावर पाठवताय तिथं पाण्यात उतरायला कठडा आणि शिकवायला तयार असलेला प्रशिक्षक आहे का, तेही विचारून द्या. आणि कलाकार दिव्यांग असेल तर त्याला मानधन द्या, इतरांइतकंच. शाल देऊन रिक्षाचं भाडं भागत नाही.

९. पैसे

स्थानिक स्वराज्य संस्थांनी उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. महापालिकेत किंवा जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागात लेखी अर्ज करा, अंदाजपत्रकाच्या बराच आधी, खर्चाच्या तपशिलासह. बहुतेक रक्कम व्यक्तिगत लाभाच्या योजनांकडे जाते, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. दुभाष्याचं मानधन, टूर गाइड सेटचं भाडं, रिक्षा अशा ठरावीक बाबी एकेका दुकानदाराला वाटून दिल्या तर तो लवकर तयार होतो. फक्त बॅनरवर ‘मदतीचा हात’ लिहायचा आग्रह धरला तर नम्रपणे नाही म्हणा.

१०. दुसऱ्या दिवशी

आलेल्यांना फोन करा, पण त्याआधी नाव नोंदवून न आलेल्यांना करा. कुणी म्हणेल रिक्षा मिळाली नाही, कुणी म्हणेल घरात सोबत यायला कुणी नव्हतं, कुणाची खुर्ची पंक्चर होती. तारखेसह वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत पहिल्यांदा ती यादी वाचा. आणि प्लायची शीट ज्यानं घरी नेली असेल, त्याच्याकडून ती परत मागून घ्या.